अकरा मिनिटांची साक्ष

चष्म्याच्या दुकानात ती एवढंच म्हणाली होती, "जवळचं वाचताना अक्षरं पसरतात," आणि काउंटरपलीकडच्या माणसाच्या हातातली फ्रेम जागच्या जागी थांबली. त्याने मान वर केली, पण तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या खांद्यावरून कुठेतरी मागे बघत कान टवकारल्यासारखा उभा राहिला. "पुन्हा बोला," तो म्हणाला. "काय?" "काहीही. बोला फक्त." पन्नाशी उलटलेला, नीट विंचरलेल्या पांढऱ्या केसांचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस. तिला वाटलं, याला कमी ऐकू येत असेल. तिने आवाज जरा चढवून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तसा तो मागच्या स्टुलावर बसला. "तुम्ही ॲम्ब्युलन्सच्या फोनवर असता," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. "हा आवाज मी कुठेही ओळखेन."

साडेचार महिन्यांपूर्वीचा सोमवार, सकाळचे दहा चाळीस. त्याची बायको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली होती, तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम. त्याने फोन लावला आणि हा आवाज आला. तो सांगत होता आणि ती उभ्या उभ्या ऐकत होती. "तुम्ही म्हणालात, घाबरू नका असं मी म्हणणार नाही, पण मी सांगते तेवढंच करा. मग पत्ता विचारलात. मी म्हटलं, खालचं फाटक बंद असतं, किल्लीशिवाय उघडत नाही. तर म्हणालात, फोन त्यांच्याजवळ जमिनीवर ठेवा, आवाज मोठा करा, तुम्ही खाली जाऊन फाटक उघडून या, तोपर्यंत मी त्यांच्याशी बोलते. मी तीन मजले उतरलो, चढलो. दोन मिनिटं, फार तर अडीच. वर आलो तेव्हा ती आडवी झाली होती. मग तुम्ही मला छाती दाबायला लावलीत, माझ्याबरोबर मोजत होतात. गाडी आली तेव्हा फोन सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती." तो थांबला. "आठवतंय ना तुम्हाला?"

"हो," ती म्हणाली. "आठवतंय."

तिला काहीही आठवत नव्हतं. फाटक नाही, तीन मजले नाहीत, ती बाई नाही. "घाबरू नका असं मी म्हणणार नाही" हे वाक्य तिचं होतं खरं, पण ते ती सगळ्यांनाच म्हणायची, दिवसातून वीस वेळा, तोंडात बसलेलं. हो का म्हटलं, हे तिचं तिलाच कळलं नाही. बारा वर्षं फोनवर पहिला शब्द हो म्हणायची सवय. समोरचा ओरडत असतो, रडत असतो, आपण हो म्हणायचं, म्हणजे त्याला पाय टेकायला जागा होते. त्या माणसाचा चेहरा बदलला. काय होतं त्या चेहऱ्यावर, तिला नीट वाचता आलं नाही. तिला ती आशा वाटली. तो पुढे वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "मग त्या दोन मिनिटांत ती तुमच्याशी काय बोलली?"

तेवढ्यात दाराची काच ढकलून दोन गिऱ्हाइकं आत आली. एका म्हातारीला सून सांभाळून आणत होती. तो चटकन उभा राहिला, बाह्या सारख्या केल्या. "घाईत नको," तो म्हणाला. "तुमचा चष्मा शुक्रवारी मिळेल. तेव्हा सांगा. नीट, सगळं सांगा."

रस्त्यावर आल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःला समजावलं की आठवेल. डोकं शांत झालं की आठवेल. पण डोकं शांत होणं म्हणजे काय, हेच आताशा तिच्या ध्यानातून गेलं होतं. बसथांब्यावर शेजारचा माणूस खोकला तरी तिची मान वळायची, त्याचे ओठ निळे नाहीत ना हे डोळे आधी बघून घ्यायचे आणि मग तिला कळायचं की आपण बघितलं. जबडा सकाळपासून आवळलेला असायचा, दातांच्या डॉक्टरने दाढा झिजल्यात म्हणून सांगितलं होतं, तर नवरा म्हणाला होता, "आमच्यावरचा राग तोंडातच चावत बसतेस, दुसरं काय होणार." नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, जगातल्या नद्या त्याला तोंडपाठ होत्या आणि घरातली कात्री मात्र कधी सापडायची नाही. या थट्टेवर पूर्वी दोघं हसायची. पूर्वी म्हणजे कधी, हे आठवायला ती बसच्या दांडीला धरून उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की हसलो होतो हे तिला माहीत आहे, पण ते दिसत नाही. एखाद्या अनोळखी घराबद्दल कोणीतरी सांगितलेलं असावं तसं ते नुसतं माहीत होतं.

ॲम्ब्युलन्सचा नियंत्रण कक्ष एका जुन्या सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर होता. खिडक्यांना कागद चिकटवलेला, टेबलांच्या दोन रांगा, भिंतीवर एक पाटी, जिच्यावर थांबून राहिलेल्या फोनांचा आकडा लाल दिव्यांनी उमटायचा. शून्य असेल तर ते लाल शून्यही डोळ्यांना बोचायचं, कारण ते टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहाजण सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी दोघं आले होते, त्यामुळे आठ तासांचे बारा कधी झाले याचा कोणी हिशेबच ठेवला नव्हता. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीला सगळे रेडिओ म्हणत. दोन फोनांच्या मधल्या चार सेकंदांतही ती सुनेची एक गोष्ट पुरी करायची. तिने रेडिओला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी ती कक्षप्रमुखांच्या केबिनमध्ये गेली आणि तारीख सांगून म्हणाली, एक फोन पुन्हा ऐकायचाय.

"तक्रार आहे का?" कक्षप्रमुख सावध झाले.

"नाही. मलाच ऐकायचाय."

त्यांनी संगणकात बघितलं आणि मान हलवली. "नव्वद दिवस ठेवतो आपण. मग पुसलं जातं. जागा कुठे आहे एवढी?" त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. एक ओळ उरली होती. वेळ, पत्ता, स्त्री, वय त्रेपन्न, गाडीचा क्रमांक, मृत. शेवटी तिच्या नावाची दोन आद्याक्षरं. त्या दिवशी तिने एकूण त्रेसष्ट फोन घेतले होते. या फोननंतरचा पुढचा फोन किती वेळाने घेतला तेही तिथे होतं. नऊ सेकंद.

ती खुर्चीवर येऊन बसली, कानावर यंत्र चढवलं, आणि आजही काम बिनचूक झालं. तेच तर तिला समजेना. फोन वाजला की तिच्या आतलं कोणीतरी पुढे येऊन सगळं करायचं, पत्ता घ्यायचं, श्वास विचारायचं, गाडी पाठवायचं, आणि त्याची एकही चूक व्हायची नाही. ती स्वतः मागे कुठेतरी बसून असायची. बाळाच्या घशात अडकलेलं कसं काढायचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तशा बाळांपैकी एकाचीही आई तिला आठवत नव्हती. दुपारी डबा खाताना तिने मुद्दाम सकाळचा दुसरा फोन आठवून बघितला. पुरुष की बाई? आठवेना. डब्यात काय होतं, ते खाऊन झाल्यावर तिने झाकणाला लागलेलं बघून ओळखलं.

घरी मुलगी गणिताची वही घेऊन बसली होती, सोळा वर्षांची, आईची हनुवटी घेऊन आलेली. ती तिच्याजवळ बसली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तुझा हात मोडला होता ना, तेव्हाचं आठवतं का तुला?" मुलीने मान वर न करता सांगितलं, "पाच वर्षं झाली. तू ड्यूटीवरून तशीच आलीस. टॅक्सीत मला मांडीवर घेतलंस, एवढी मोठी होते तरी. आणि गाणं म्हणत होतीस, चुकीचं. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे. मी रडता रडता हसले." मग तिने आईकडे बघितलं. "का गं?" "काही नाही," ती म्हणाली. तिला प्लास्टर आठवत होतं. प्लास्टरची निगा राखायच्या सूचनांचा छापील कागद आठवत होता, त्यातला चौथा मुद्दासुद्धा. टॅक्सी नव्हती. मांडी नव्हती. गाणं तर नव्हतंच. मग तिने अक्काला, मोठ्या बहिणीला, फोन लावून आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल विचारलं. अक्का आधी चकित झाली, मग भडभडून बोलत सुटली. आई तुझा हात सोडत नव्हती, तूच तिचे केस विंचरलेस, तूच. ती ऐकत राहिली. त्या आठवड्यातला तिच्याजवळ फक्त ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा काटा होता, चार आणि पाचच्या मध्ये थरथरणारा. आईचा चेहरा आठवायला गेलं की तो भिंतीवरच्या फोटोतला यायचा, लग्नातला, तिचा स्वतःचा जन्म होण्याच्याही आधीचा.

बुधवारी ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तिच्याहून लहान होती, पेनाचं टोपण चावायची सवय असलेली. तिने बरंच काही विचारलं, आकडे उलटे म्हणायला लावले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले. तीन आले. मग टोपण बाजूला ठेवून ती म्हणाली, "तुमच्या कामात धोका दिसला की शरीर काही रसायनं सोडतं. तासाभरासाठी ती उपकारकच असतात, त्यांच्याच जोरावर तुम्ही माणसं वाचवता. पण तुमचं शरीर बारा वर्षं ती सोडतंय. घरीसुद्धा. मेंदूत आठवणी लावून ठेवणारा एक एवढासा भाग असतो, तो त्याने झिजतो. धोका ओळखणारा भाग मात्र फार तल्लख होतो. सवयीचं कामही शाबूत राहतं, कारण ते दुसरीकडे असतं."

"म्हणजे मी विसरते."

डॉक्टरने जरा विचार केला. "विसरायला आधी कुठेतरी ठेवावं लागतं. तुमचं बरंचसं ठेवलंच गेलेलं नाही."

"परत येईल?"

"तुम्ही हे काम थांबवलंत, झोप सुधारली, तर पुढचं नीट राहायला लागेल. तो भाग थोडाफार सावरतो." तिने टोपण पुन्हा हातात घेतलं. "मागचं नाही येणार. खोटी आशा नाही दाखवत."

खोटी आशा तिने स्वतःच एका माणसाला दाखवली होती. गुरुवारी तिने न राहवून रेडिओला सगळं सांगितलं. रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकेपर्यंत गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, त्यात काय एवढं? सांग काहीतरी गोड. 'त्यांना जपा म्हणावं', असं म्हणाली म्हणून सांग. मरताना माणसं असंच म्हणतात. त्याचं मन निवेल आणि तुझीही सुटका." तिला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, दुसरं काही सुचत नव्हतं. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडायला लागली. ती ते वाक्य मनातल्या मनात घोळवू लागली तशी ती बाई तिला ऐकू यायला लागली. धापा टाकत, शब्द तोडत, जरा घोगऱ्या आवाजात, त्यांना... जपा... म्हणावं. फरशीवर भांड्याचा आवाज. नळ थेंब थेंब गळत होता. तिला क्षणभर वाटलं, आलं! सगळं परत येतंय! ती आनंदाने खुर्चीतून अर्धी उठली. मग तिने तो आवाज पुन्हा ऐकला आणि ओळखला. तो तिच्या आत्याचा होता. तिच्या डोक्याने मिळेल ते सामान गोळा करून एक बाई उभी केली होती, गळणाऱ्या नळासकट, आणि दोन दिवसांनी तिला स्वतःलाच ती खरी वाटली असती. फोनवर खोटं बोलणाऱ्या माणसांचा तिला कधी राग यायचा नाही. पण हे त्याहून वाईट होतं. हे खोटं आहे हेसुद्धा तिला ठाऊक राहिलं नसतं.

तरी शुक्रवारी ती तेच वाक्य घेऊन निघाली. दुपारी तीनला दुकान रिकामं होतं. तो वाटच बघत होता. चष्मा पुसून, मखमली कापडावर ठेवून तयार. त्याने तो स्वतः तिच्या कानांवर बसवला, एका बाजूने जरा वर होता म्हणून काढून, काडी गरम करून वाकवून पुन्हा बसवला. काम नेमकं. मग त्याने वाचायचा पुठ्ठा तिच्या हातात दिला आणि तिने वाचायला सुरुवात करायच्या आधीच म्हणाला, "खरं ते सांगा. वाईट असलं तरी. मी चार दिवस इथे बसून तुम्ही याल म्हणून दाराकडे बघतोय, आणि येऊ नये असंही वाटतंय."

तिने पुठ्ठा खाली ठेवला. नव्या काचांतून त्याचा चेहरा फार स्वच्छ दिसत होता. हनुवटीखाली दाढी करताना राहून गेलेले चार केस. ठरवलेलं वाक्य जिभेवर होतं आणि जीभ उचलेना.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशीही आठवत नव्हतं. मी उगाच हो म्हणाले. तुमच्या मिसेस माझ्याशी बोलल्या असतील. मी त्यांना काहीतरी विचारलं असेल, त्यांनी उत्तर दिलं असेल. पण माझ्याकडे त्यातलं काही नाही. रेकॉर्डिंगही पुसलंय. मी बघितलं." मग तिने डॉक्टरने सांगितलेलंही सांगितलं, मोडक्यातोडक्या शब्दांत, आणि सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटली, आपण सबब सांगतोय अशी.

"मग तेव्हा हो का म्हणालात?"

"तुमच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही."

त्याने बराच वेळ मखमली कापडाची घडी घातली, उलगडली, घातली. बाहेरून एक ट्रक गेला आणि शोकेसमधले चष्मे किणकिणले. "म्हणजे त्या वेळी तिच्याजवळ कोणीच नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी खाली होतो, पण निदान तुम्ही होतात. एवढ्यावर दिवस काढले. म्हणजे ती एकटीच होती."

मी होते, असं तिला ओरडून सांगायचं होतं. होतेच मी, ती ओळ आहे पडद्यावर, माझी अक्षरं आहेत तिच्यापुढे. पण जे आपल्याला सापडत नाही तिथे आपण होतो असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? ती उठली. पर्स उचलली. तेव्हा तो म्हणाला, "थांबा." त्याने तिच्याकडे निरखून बघितलं, डोळ्यांचा नंबर काढताना बघतात तसं. "आत्ता मी काही बोललो तर ते तुमच्या लक्षात राहील?"

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "बहुतेक नाही."

"नक्की?"

"या आठवड्यात मी मुलीच्या शाळेतली सभा विसरले. आणि नवरा म्हणतो, त्याने मला तीनदा सांगितलं होतं."

त्याने उठून दाराला आतून कडी लावली. परत येऊन स्टुलावर बसला, आणि हात मांड्यांवर ठेवून, जमिनीकडे बघत बोलायला लागला. "मग सांगतो. कोणाला सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. कशावरून, तर पडदे. तिला पडदे बदलायचे होते. दहाला ती म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय. मी पेपर वाचत होतो. मला वाटलं, भांडण झालं की हिचं हे नेहमीचंच. मी म्हटलं, पाणी पी. तिने दोनदा हाक मारली मला. दुसऱ्यांदा नाव घेऊन मारली, ती कधी नाव घेत नसे. मी ऐकली. दोन्ही ऐकल्या. पान पुरं केलं, घडी घातली, मग उठलो. चाळीस मिनिटं. सगळे विचारतात ना, कधी दुखायला लागलं? मी सगळ्यांना सांगितलं, अचानक. तुम्हालाही तेच सांगितलं असणार. आणि मग मी खाली फाटक उघडायला गेलो आणि ती तुमच्याजवळ एकटी." त्याने वर बघितलं. "तिने सांगितलं असेल तुम्हाला. की मी आलो नाही. मला तेवढंच विचारायचं होतं."

हो म्हणायची बारा वर्षांची सवयही त्या वेळी कामी आली नाही. काचेवर टकटक झाली. बाहेर कोणी गिऱ्हाईक उभं होतं. त्याने डोळे पुसले, केसांवरून हात फिरवला, आणि कडी काढताना अगदी साध्या, दुकानातल्या आवाजात म्हणाला, "दोन आठवडे जरा जड वाटेल नाकावर. मग सवय होईल."

ती चालत घराकडे निघाली. चष्मा लावलेलाच होता. दोन चौक गेल्यावर तिने भीत भीत मागे वळून बघितल्यासारखं आत बघितलं. पडदे होते. पेपरची घडी होती. पहिली हाक, दुसरी हाक, नाव घेऊन मारलेली. चाळीस मिनिटं. शब्दन् शब्द, त्याचा आवाज कुठे चिरकला तेसुद्धा. जाईल, ती स्वतःला म्हणाली, घरी पोचेपर्यंत जाईल. जायलाच हवं, त्या भरवशावर त्याने सांगितलं होतं. ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेली. भाजीच्या गाड्या बघितल्या, दुकानांच्या पाट्या वाचल्या, एका पाटीवरचा दूरध्वनी क्रमांक उलटा म्हणून बघितला. घराचा जिना चढताना तिने पुन्हा आत बघितलं. सगळं जागच्या जागी होतं.